माळावरचं एकटं झाड



कॅनडाच्या सस्काचेवान प्रांतात जानेवारीत रेजायना शहराबाहेर पडलं, की मैलोन्मैल सपाट शेतं बर्फाखाली गेलेली दिसतात. जमीन कुठे संपली आणि आभाळ कुठे लागलं, ते कळत नाही. त्यात मधेच एक झाड उभं असतं. फोटो काढणारा तिथे थांबतोच.

हा मुळात गवताचा माळ. झाडं असायची ती ओढ्याकाठी नाहीतर खोलगट जागी. 1872च्या कायद्यानं दहा डॉलर भरून 160 एकर जमीन मिळू लागली आणि लोक इथे वसायला आले. वाऱ्याला आडोसा हवा म्हणून 1901 पासून सरकारनं शेतकऱ्यांना रोपं द्यायला सुरुवात केली. इंडियन हेड गावच्या रोपवाटिकेतून साठ कोटींहून जास्त रोपं गेली. 2013 मध्ये ही योजना बंद झाली. मधल्या काळात शेतं मोठी होत गेली, माणसं शहराकडे गेली, घरं पडली. झाडं राहिली. म्हणून असं झाड दिसलं, की मी आधी आसपास लायलॅकचं झुडूप किंवा आडोशाला लावलेल्या कॅरागाना झुडपांची रांग शोधतो. ती असली, तर तिथे कुणाचं तरी अंगण होतं!

असं झाड टिपताना कॅमेरा पांढऱ्या बर्फाला राखाडी करून टाकतो. तेव्हा प्रकाश एक ते दीड स्टॉप वाढवून घ्यावा. डिसेंबरच्या अखेरीस भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम सोळा अंशांवर असतो, त्यामुळे सावल्या दिवसभर लांब पडतात. धुक्याच्या रात्रीनंतर काडीकाडीवर हिमकण चढतात. ती सकाळ चुकवू नये. उणे तीस अंशांत बॅटरी लवकर मान टाकते, जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी. आणि झाड चौकटीत लहानच असू द्यावं. जवळून घेतलं, की माळाचं अंतर हरवतं, आणि खरा विषय ते अंतरच आहे.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. जपानमध्ये होक्काइदो बेटावर, बिएई गावात एक प्रसिद्ध वाकलेला पॉप्लर होता. मनाई असूनही पर्यटक फोटोसाठी शेतात शिरत राहिले. अखेर 2016च्या फेब्रुवारीत शेतमालकानं झाड पाडलं. मित्रहो, फोटो रस्त्यावरूनच घ्या. आत जायचंच असेल, तर आधी शेतकऱ्याच्या दारी जाऊन विचारा.