मात्सुएचे नवे मास्तर

परदेशीं उतरलेल्या माणसास पहिल्या पंधरा दिवसांत जें दिसतें तें खरें, कीं दहा वर्षें राहिल्यावर जें कळतें तें खरें, हा वाद जुना आहे. प्रवासवर्णनें लिहिणारे पहिला पक्ष घेतात. परक्या मुलुखांत ज्यांचे केस पांढरे झाले ते त्यांस हंसतात. लाफ्काडिओ हर्न यांच्या वांट्यास दोन्ही पक्ष आले. १८९० सालीं ते जपानांतील एका लहानशा शहरीं इंग्रजीचे शिक्षक म्हणून गेले, आणि १९०४ सालीं कोइझुमी याकुमो या जपानी नांवानें, जपानी नागरिक म्हणून, त्याच देशांत वारले. त्यांच्या पहिल्या दिवसांची हकीकत म्हणूनच थोडें थांबून ऐकण्यासारखी आहे.

हर्न यांचा जन्म १८५० सालीं लेफ्कादा नांवाच्या ग्रीक बेटावर झाला. आई ग्रीक, वडील ब्रिटिश सैन्यांतले आयरिश डॉक्टर. मूल चार वर्षांचें असतांना आई त्यास डब्लिन शहरीं नातलगांपाशीं ठेवून स्वदेशीं निघून गेली, ती त्याला पुन्हा कधीं दिसली नाहीं. सोळाव्या वर्षीं शाळेंत खेळतांना इजा होऊन डावा डोळा गेला. उरलेल्या डोळ्यालाही दूरचें नीट दिसत नसे. एकोणिसाव्या वर्षीं अमेरिकेस जाऊन त्यांनीं अनेक वर्षें वर्तमानपत्रांत लेखणी घासली. पुढें एका मासिकासाठीं लिहावयाचें म्हणून ते जपानांत आले, आणि आल्यानंतर थोड्याच दिवसांत त्या मासिकाशीं त्यांचें बिनसलें. वय चाळीस, नोकरी नाहीं, भाषा येत नाहीं, अशी स्थिति झाली. टोकियोच्या विद्यापीठांतील प्राध्यापक बेसिल हॉल चेंबरलेन यांनीं खटपट केली व शिमाने प्रांतांतील मात्सुए येथें त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. करार एक वर्षाचा, पगार महिना शंभर येन.

जपानांत पाऊल ठेवल्यावर एका इंग्रज प्राध्यापकानें त्यांना सल्ला दिला होता कीं, पहिल्या दिवसांत मनावर जें उमटेल तें ताबडतोब लिहून काढा. तें विरून जातें आणि मागाहून बोलाविलें तरी येत नाहीं. सल्ला उत्तम होता. हर्न यांनीं तो पाळला नाहीं, आणि तसें त्यांनीं छापून कबूलही केलें आहे. बाहेर इतकें पाहावयाचें असतांना घरांत बसून लिहिणार कोण? ‘ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान’ हा त्यांचा ग्रंथ १८९४ सालीं निघाला. त्यांत इंग्रजी शिक्षकाची रोजनिशी म्हणून जें प्रकरण आहे, त्यावर तारखा असल्या तरी तें मागाहून घडविलेलें लेखन आहे, हें ऐकणारानें ध्यानांत ठेवावें.

मात्सुएला आगगाडी १९०८ सालीं पोंचली. हर्न आले ते माणसानें ओढावयाच्या रिक्षांत बसून, पॅसिफिक महासागराच्या बाजूचे डोंगर ओलांडीत, ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस. शहर शिनजी सरोवराच्या कांठीं वसलेलें. मधून ओहाशी नदी वाहते, आणि टेकडीवर जुन्या सरदारांचा लांकडी किल्ला आहे. नदीकांठच्या एका खाणावळींत त्यांनीं बिऱ्हाड केलें. तेथील पहांटेचें वर्णन त्यांच्या साऱ्या लेखनांत प्रसिद्ध आहे, आणि त्याची मौज अशी कीं तें बहुतेक सगळें कानानें केलेलें आहे.

झोंपलेल्या माणसाच्या उशाखालीं कोणाची तरी भली मोठी नाडी संथपणें उडत असावी, तसा एक ठोका प्रथम ऐकूं येई. तो तांदूळ कांडणाराचा. आपल्याकडचें मुसळ हातीं धरावयाचें. तेथील मुसळ म्हणजे आडव्या दांड्याला बसविलेला जड लांकडी हातोडा. कांडणारा दांड्याच्या दुसऱ्या टोंकावर पाय देऊन तो उचली व पाय काढला कीं तो आपल्या भारानें तांदुळाच्या पिंपांत आदळे. त्यामागून तोकोजी नांवाच्या झेन पंथाच्या मंदिरांतील थोर घंटा सरोवरावरून घुमत येई. मग एका लहान देवळांतील पडघम. मग फेरीवाले. मुळे आणि सलगम विकणारे हेल काढीत जात. पाठोपाठ कोळशाची शेगडी पेटविण्यासाठीं काटक्यांच्या जुड्या विकणाऱ्या बायांचा करुण स्वर येई. पुण्याच्या पेठेंत किंवा गिरगांवच्या चाळींत ज्यानें दिवस उजाडतांना ऐकला आहे त्याला हा क्रम सांगावयास नको. तेथें घंटेच्या जागीं काकडआरती आणि मुळ्यांच्या जागीं भाजीवाली असेल, एवढेंच.

खिडकी सरकवून ते पाहूं लागले म्हणजे सरोवरावर धुकें पसरलेलें असे, आणि खालच्या घाटावरून टाळ्या ऐकूं येत. कोण वाजवतें तें त्यांना प्रथम दिसेना. नदीच्या पायऱ्यांवर स्त्रीपुरुष हात-तोंड धुऊन उगवत्या सूर्याकडे तोंड करून चार टाळ्या वाजवीत व मस्तक लववीत. होड्यांतून टाळ्या, पलीकडच्या तीरावरून टाळ्या. ज्यांच्या घरीं पहांटे सूर्यास अर्घ्य देतात त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. पण आयर्लंडांत वाढलेल्या माणसाला वाटलें, आणि त्या नवलाला त्यांनीं उपहासाचा वास लागूं दिला नाहीं, ही गोष्ट त्या काळच्या युरोपीय प्रवाशांत विरळाच.

यानंतर ओहाशीच्या पुलाचा आवाज. जपानी लोक पायांत गेता नांवाच्या लांकडी खडावा घालीत. शेंकडों माणसें कामावर निघालीं कीं लांकडाच्या पुलावर त्यांचा असा ताल धरला जाई, कीं मोठा नाच चालला आहेसें वाटावें. उजव्या पायाचा आवाज डाव्यापेक्षां किंचित् निराळा येतो, हेंही हर्न यांनीं टिपलें आहे. हें टिपण्यास डोळस माणूस कदाचित् चुकला असता. ते खिशांत लहानशी दुर्बीण बाळगीत, आणि लिहिण्यासाठीं त्यांनीं इतकें उंच मेज करून घेतलें होतें कीं कागद जवळजवळ नाकाशीं येई.

सप्टेंबरच्या आरंभीं शाळा सुरू झाली. सरकारी माध्यमिक शाळेंत सुमारें तीनशें मुलगे होते, आणि शेजारीं शिक्षक तयार करणारें नॉर्मल स्कूल होतें. दोहोंकडे त्यांना शिकवावयाचें होतें. मुख्य आधार म्हणजे निशिदा सेन्तारो हे शिक्षक. त्यांना इंग्रजी चांगलें येई. वर्ग कोणते, तास कोणते, प्रांताच्या गव्हर्नरांपुढें कसें वागावें, हें सर्व त्यांनींच सांगितलें. प्रकृतीनें क्षीण असलेले हे गृहस्थ १८९७ सालीं वारले. त्याच्या दोन वर्षें आधीं हर्न यांनीं आपला एक ग्रंथ त्यांना अर्पण केला होता. मात्सुएच्या लोकांनीं नव्या मास्तरांचें नांव आपल्या लिपींत ‘हेरुन’ असें लिहिलें, आणि शहरांत ते अखेरपर्यंत ‘हेरुन-सान’च राहिले.

वर्गांत शिरतांच हुकूम होई, सगळे उठून नमस्कार करीत, मास्तरही व्यासपीठावरून वांकत. छडी कोठें नव्हती. शिक्षक हा वडील भावाच्या नात्यानें वागे. तो फार कडक झाला तर मुलेंच एकजुटीनें त्याची बदली मागत, असें हर्न लिहितात. आपल्याकडील ज्या पिढीनें पंतोजींचा मार खाल्ला तिला हें ऐकून असूया वाटावी. नॉर्मल स्कूलचा रंग निराळा. तेथें विद्यार्थी सरकारी खर्चानें राहात व लष्करी शिस्तींत वागत; शिस्त अशी कीं नव्या मास्तरांना तेथें मोकळें वाटावयास वेळ लागला.

पहिल्या दिवशीं त्यांना सर्व चेहरे सारखेच दिसले. सौम्य, शांत, अर्धवट रेखाटून सोडल्यासारखे. पुढें एकेक मुलगा ओळखूं येऊं लागला. तरी पण लौकरच त्यांनीं एक मोठा सिद्धान्त बांधला. निबंधाला विषय द्यावा, तर मुलांच्या उपमा ठरलेल्या: फुजी पर्वत म्हणजे आकाशांत उलटा टांगलेला अर्धा उघडा पांढरा पंखा, बर्फावर मांजराचीं पावलें म्हणजे मनुकेचीं फुलें. एवढेंच नव्हे, तर त्यांचें इंग्रजी अक्षरसुद्धां एकाच घराण्यांतलें वाटावें असें. यावरून हर्न यांनीं म्हटलें कीं, या मुलांच्या लेखनांत व्यक्ति दिसत नाहीं, राष्ट्र दिसतें. उपमा शतकांपूर्वीं कवींनीं करून ठेविल्या आहेत, त्या मुलांनीं केवळ योग्य जागीं बसवावयाच्या.

निरीक्षण चुकीचें म्हणतां येणार नाहीं. परक्या भाषेंत लिहिणारा विद्यार्थी पाठ असलेल्याचा आधार घेतो, हें मुंबई विद्यापीठाचीं निबंधाचीं उत्तरें तपासणारांनाही ठाऊक आहे. परंतु तेवढ्यावरून मुलाच्या मनांत स्वतःचें कांहीं नाहीं असें ठरविणें धाडसाचें होतें, आणि त्याला उत्तर हर्न यांच्याच वहींत आहे. ‘माणसांच्या आठवणींत सर्वांत जास्त काळ काय राहतें?’ असा विषय त्यांनीं एकदां दिला. एकानें लिहिलें, सुखाचे क्षण. कारण दुःख विसरणें हा शहाण्या प्राण्याचा धर्म आहे. दुसरी उत्तरेंही हुषारीचीं आलीं. एका मुलानें मात्र आपल्या आईचें मरण लिहिलें. तो चार वर्षांचा होता. हिंवाळा, घराभोंवतीं वारा, झाडांना पान नाहीं. आई अंथरुणावर पडलेली, त्यानें तिला एक गोड संत्रें दिलें. ती हंसली, तिनें तें चाखलें, आणि त्यानंतर ती हंसली नाहीं. सोळा वर्षें लोटलीं तरी तेंच आठवतें, असें त्यानें लिहिलें होतें. या निबंधांत पंखा नाहीं, मनुकेचीं फुलें नाहींत. हर्न यांनीं तो सर्वांत चांगला म्हणून ग्रंथांत घातला. स्वतः चौथ्या वर्षीं आईस मुकलेल्या मास्तरांनीं तो कसा वाचला असेल, याबद्दल त्यांनीं एक अक्षर लिहिलेलें नाहीं.

शाळेबाहेर मुलें त्यांच्या घरीं येऊं लागलीं. येतांना फुलें आणीत, कधीं घरांतली जुनी वस्तु दाखविण्यासाठीं रुमालांत बांधून आणीत, आणि बराच वेळ न बोलतां बसून निघून जात. हर्न यांना जपानी येत नव्हती व पुढेंही ती वाचण्याइतकी आली नाहीं. १८९१ च्या आरंभीं कोइझुमी सेत्सु या सामुराई घराण्यांतील स्त्रीशीं त्यांचा संसार सुरू झाला, तोही मोडक्यातोडक्या जपानींत, दोघांनींच बनविलेल्या भाषेंत. तेव्हां मुलांचें तें गप्प बसणें त्यांना सोयीचेंच होतें. शिक्षकांपाशीं येऊन कांहींच न मागणारे विद्यार्थी त्यांनीं पूर्वीं पाहिले नव्हते.

त्यांतला एक, सुताराचा मुलगा, आजारी पडला तो उठला नाहीं. शेवटच्या दिवसांत एके थंडीच्या रात्रीं त्यानें घरच्या गड्याला म्हटलें कीं मला शाळा पाहावयाची आहे. गड्यानें त्यास पाठीवर घेतलें आणि अंधारांतून शाळेपर्यंत नेलें. आपल्या वर्गाची खिडकी दिसल्यावर त्याचें समाधान झालें व तो परत आला. त्याच्या स्मरणासाठीं जी घंटा वाजली ती तोकोजीचीच. पहिल्या पहांटे हर्न यांना ती केवळ सुंदर वाटली होती. आतां तिच्या टोल्यांत कोण आहे हें त्यांना माहीत होतें.

मात्सुएचा हिंवाळा त्यांना सोसला नाहीं. १८९१ च्या नोव्हेंबरांत, दुप्पट पगारावर, ते दक्षिणेकडे कुमामोतोच्या सरकारी शाळेंत गेले. जातांना शिक्षकांनीं जुन्या फुलदाण्यांची जोडी व मुलांनीं वर्गणी करून एक तलवार दिली. कुमामोतो हें छावणीचें शहर. तेथील विद्यार्थी मोठे व अलिप्त. घाटावरच्या टाळ्या, खडावांचा ताल, घरीं येऊन गप्प बसणारीं मुलें, यांपैकीं तेथें फारसें कांहीं नव्हतें, आणि चेंबरलेन यांना लिहिलेल्या पत्रांतून हर्न जपानाबद्दल कडवट तक्रारी करूं लागले. मात्सुएवर लिहिलेलीं प्रकरणें या तक्रारींच्या काळांतच पुरीं झालीं, म्हणजे त्यांतील गोडी थोडी विरहाचीही आहे.

१८९६ सालीं ते टोकियोच्या विद्यापीठांत व्याख्याते झाले. तेथें मात्सुएच्या वर्गांतला ओतानी मासानोबु हा विद्यार्थी त्यांना पुन्हा भेटला. हर्न यांनीं त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला, आणि मोबदला म्हणून दर महिन्यास ते एक विषय नेमून देत: लोकांच्या तोंडचीं गाणीं, बौद्ध म्हणी, बायकांचीं नांवें. ओतानीनें तीं गोळा करावीं, इंग्रजींत उतरून द्यावीं आणि मास्तरांनीं त्यावर लिहावें, असें तें काम चालत असे.