अठ्ठावीस वर्षं उशिरा ऐकलेली तबकडी

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वराकडे येतात, तेव्हा ढोल आधी छातीला कळतो आणि मग कानाला. खर्जाची ही ताकद आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. पण संगीतावर बोलायला बसलो, की आपण गळा आणि शब्द यांच्या खाली उतरत नाही. आज ज्या तबकडीबद्दल सांगणार आहे, तिचा सगळा जीव खर्जात होता.

चरणजित सिंग हे मुंबईचे, हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ साली ग्रामोफोन कंपनीनं त्यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. ललित, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस असे दहा राग. पण तबला नाही, तंबोरा नाही. होती ती रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, ८०८ हे तालयंत्र आणि ३०३ नावाची एक छोटीशी पेटी. ही पेटी बास गिटारवाल्याची जागा घेण्यासाठी केलेली, पण तिचा आवाज काही गिटारसारखा येईना, म्हणून बाजारात पडली. तिच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय मात्र होती. आपल्या माणसाला त्यात मींड दिसली!

तबकडी चालली नाही. रागदारीवाल्यांसाठी तीत विलंबित नव्हतं आणि डिस्कोवाल्यांसाठी गाणं.

तिकडे जगाचा कान मात्र बदलत होता. जमैकात किंग टबी हे ध्वनितंत्रज्ञ सत्तरच्या दशकात रेगे गाण्यातला गायक पुसून टाकत, फक्त ड्रम आणि बास ठेवत आणि त्यावर प्रतिध्वनी सोडत. याला 'डब' म्हणतात. जमैकन लोकांबरोबर ते इंग्लंडात गेलं, तिथल्या यंत्रसंगीतात मुरलं. शब्दांविना, नुसत्या खर्जावर तास न् तास रमणारा श्रोता असा तयार झाला. १९८७ साली शिकागोच्या फ्यूचर या चमूनं त्याच ३०३ वर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' केलं आणि 'अ‍ॅसिड हाऊस' नावाचा प्रकार गाजला.

मग एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ साली दिल्लीत ही जुनी तबकडी सापडली. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि परदेशी समीक्षक चक्रावले. शिकागोच्या पाच वर्षं आधी, मुंबईत? काहींना तर ती कुणी तरी केलेली थट्टाच वाटली. नंतर कौतुकाचा पूर आला. सत्तरीतले सिंग युरोपात कार्यक्रम करू लागले. जुलै २०१५ मध्ये ते गेले.

या कौतुकातली एक गोष्ट मला खटकते. तबकडी मोजली गेली ती शिकागोच्या फुटपट्टीनं. ललितातले दोन मध्यम ही पेटी कसे पेलते, हे मी वाचलेल्या परीक्षणांत कुणी विचारलेलं नाही. विचारणार तरी कोण? ते काम आपलं होतं. माझं मत विचाराल तर दहाही राग जवळजवळ एकाच ठोक्यावर हाकल्यामुळे मालकंसाचं गांभीर्य हरवतं. मेघमल्हार मात्र त्या घुमत्या खर्जावर छान उभा राहतो.

तुम्हीही ऐका आणि भांडा माझ्याशी. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात खर्ज येतच नाही. ओळखीच्या मंडपवाल्याकडून दोन मोठे बॉक्स आणा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.