काचेतला समुद्र

आमच्या जानेफळपासून समुद्र फार दूर. जवळचं खारं पाणी लोणारचं, तेही सोड्याचं. समुद्री माशांच्या कामाचं नाही. म्हणून भाच्यानं लिटरला ३५ ग्रॅम समुद्री मीठ घालून काचेच्या टाकीतच समुद्र केला. मुंबईहून आणलेलं शेवाळ त्यात सोडणार, तोच त्यावर इवलंसं फूल दिसलं.

‘‘मामू, खरवडून टाकू?’’

म्हटलं, थांब. हे ऐप्टेशिया, डंख मारणारं समुद्रफूल. शेजारचं प्रवाळ मारतं. चुरगळलं तर उरलेल्या तुकड्यांतून नवी उगवतात. आम्हा कवींच्या फुलांहून चिवट! तेवढी फांदी टाकीबाहेरच कापावी, उन्हात वाळवावी. उरलेलं शेवाळ तीन-चार आठवडे वेगळ्या खाऱ्या पाण्यात ठेवावं, रोज निरखावं. भाचा कुरकुरला, पण बादली आणलीच.