झोपेची गोळी : उंबऱ्याच्या आत आणि बाहेर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी औषधांचे दुकान चालविणारी बाई. व्याख्यान देण्याचा मला सराव नाही. रोज जे पाहते तेच सांगते.

"शेजारच्या वहिनींना या गोळीने छान झोप लागली, मलाही द्या," असे म्हणून रिकामे पाकीट पुढे करणाऱ्या भगिनी नेहमी येतात. चिठ्ठी मागितली की रागावतात. पण हा माझा हट्ट नव्हे, कायदा आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे 'एच-१' अनुसूचीत आहेत. १ मार्च २०१४ पासून अशा प्रत्येक विक्रीची नोंद डॉक्टर व रोगी यांच्या नावांसह वहीत करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते.

एवढी कडक शिस्त कशाला? मेथाक्वालोनची हकीकत ऐका. हे द्रव्य १९५१ साली आपल्याच देशात, हिवतापावर औषध शोधताना तयार झाले. पुढे त्याचा झोप आणण्याचा गुण ध्यानात आला. १९६५ पासून ते ब्रिटनमध्ये 'मँड्रॅक्स' या नावाने विकले गेले. जुन्या गोळ्यांपेक्षा निर्धोक म्हणून लोकांनी ते जवळ केले आणि त्याचेच व्यसन जडले. अखेर १९८४ मध्ये अमेरिकेने त्यावर पूर्ण बंदी घातली.

परंतु भगिनींनो, कायद्याचा हात दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतच पोचतो. त्यापुढे गोळी आपल्या हाती असते. शेजारणीला वाटीभर विरजण अवश्य द्यावे. गोळी देऊ नये. तिचे वय, तिची दुखणी, तिची इतर औषधे आपणास कोठे ठाऊक असतात? या गोळीच्या गुंगीत म्हातारी माणसे रात्री उठताना पडतात, हाडे मोडतात. मद्याबरोबर घेतली तर श्वास मंदावून जीवही जातो. सवय झाली की एकीच्या दोन होतात.

आणखी एक. हे ऐकून घाबरून कोणी रोजची गोळी आजच फेकून देऊ नका. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू कमी करावी. त्यांच्याजवळ मनातली काळजीही बोलून दाखवावी. पुष्कळदा झोप तिनेच उडालेली असते.

यापुढे मी चिठ्ठी मागितली, तर राग मानू नये, एवढी विनंती करून आपली रजा घेते.