भैरवी कुणाची?

संस्कृती जपायची म्हटलं की आपल्याकडे लगेच विचारतात, कुणाची? म्हणून आज मी एका तबकडीबद्दल बोलणार आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर बसवून ती अवकाशात पाठवली. तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. तिच्यात ५५ भाषांतली अभिवादनं आहेत. मराठी आहे, उर्दूही आहे. उर्दूची सुरुवात सलामाने होते. आणि भारतातलं गाणं एकच : केसरबाई केरकरांची भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटांची.

केसरबाई गोव्यातल्या केरीच्या. त्यांचे गुरू उस्ताद अल्लादिया खाँ राजस्थानातून आले, शाहू महाराजांच्या कोल्हापुरात दरबारी गायक झाले, १९४६ साली मुंबईत वारले. घरदार मागे टाकून आलेल्या या मुसलमान गवयाची विद्या गोव्याच्या बाईच्या गळ्यात उतरली. यातला एकजण जरी ‘बाहेरचा’ म्हणून वगळला, तर तबकडीत वाजवायला काय राहील?

याने निघाली आणि महिन्याभरातच, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज राहिला, कारण तो कुणीतरी ध्वनिमुद्रित केला होता.

तुमच्या दादीची, नानीची लग्नातली गाणी कुणी रेकॉर्ड केली आहेत? हात वर करा. फोन तर सगळ्यांच्याच खिशात आहे.