शब्दाची परीक्षा की तर्काची?



बुद्धिमापन हा माझा विषय नव्हे. मी भाषांतर करणारा माणूस. परंतु शाब्दिक तर्कक्षमतेची एक इंग्रजी चाचणी मराठीत आणण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. त्यात माझ्या हातून घडलेली एक चूक आपणा शिक्षकांपुढे मांडावी, असे वाटते.

प्रश्न साधा होता. गाईशी वासराचा जो संबंध, तोच घोड्याशी कोणाचा? एका जोडीतील संबंध ओळखून तो दुसरीला लावावा, ही समसंबंधाच्या प्रश्नांची रीत. ग्रांथिक भाषेच्या सवयीने मी उत्तराच्या पर्यायात ‘अश्वशावक’ असे लिहिले. पूर्वचाचणीत मेंढपाळांच्या वस्तीवरील काही मुले नेमकी तेथेच अडली. ‘शिंगरू’ म्हणताच ती हसली. त्यांच्या बिऱ्हाडाबरोबर घोडी हिंडत असे. याउलट ‘अश्व’ हा शब्द पुस्तकातून ज्यांना ठाऊक होता, त्यांना वासराचा विचार करण्याचेही कारण उरले नाही. उत्तर शब्दातच दडलेले होते. एकाचा गुण शब्दाने हिरावला, दुसऱ्याला शब्दानेच तो बहाल केला. तर्क मात्र दोघांचाही मोजला गेला नाही. एका गुणाने शिष्यवृत्ती हुकते, हे आपणांस मी सांगायला नको.

भाषांतर तपासण्याची रूढ पद्धत म्हणजे ते पुन्हा मूळ भाषेत उलटवून पाहणे. या पद्धतीत माझी चूक कधीच सापडली नसती, कारण ‘अश्वशावक’ इंग्रजीत नेले की मूळचाच शब्द हाती येतो! चाचण्यांच्या भाषांतराचे अभ्यासक रोनाल्ड हॅम्बल्टन यांनी असेच एक उदाहरण दिले आहे. बोटांमध्ये पडदा असलेला पक्षी बहुधा कोठे राहत असेल, असा प्रश्न होता आणि पर्यायांत समुद्र होता. स्वीडिश भाषांतरात त्या पायांना ‘पोहण्याचे पाय’ अशा अर्थाचा शब्द आला. मग उत्तर सांगायला पक्ष्यांची माहिती कशाला हवी?

आपल्याकडे धारवाडच्या वि. वि. कामत यांनी बिने यांच्या कसोट्या कानडी व मराठी मुलांसाठी नव्याने सिद्ध केल्या. त्यांचा ग्रंथ 1940 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या भाषांतरावर न थांबता त्यांनी ते प्रश्न येथील मुलांवर पडताळले, ही गोष्ट मला भाषांतरकार म्हणून फार मोलाची वाटते.

अर्थात शब्द ओळखीचा असला म्हणजे सारे साधले, असेही नाही. 1931-32 मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांपुढे एक कोडे ठेवले. दूर उत्तरेत, जेथे बर्फ असते, तेथील सर्व अस्वले पांढरी असतात. नोवाया झेमल्या हे ठिकाण दूर उत्तरेत आहे. मग तेथील अस्वले कोणत्या रंगाची? तेथे आपण गेलो नाही, न पाहिलेल्याविषयी कसे बोलावे, अशा आशयाची उत्तरे आली. यात तर्काचा अभाव आहे काय? मला तसे वाटत नाही. पाहिल्यावाचून बोलू नये, हाही एक तर्कच. थोडेफार शिक्षण मिळालेल्यांना मात्र ते कोडे सहज सुटले. प्रश्नकर्त्याचे विधान क्षणभर खरे मानून चालायचे, हा संकेत शाळा शिकवते. चाचणी तो गृहीत धरते आणि जो तो पाळत नाही त्याला मंद ठरवते. म्हणूनच पहिल्यांदा चाचणीला बसणाऱ्या मुलाला दोन-तीन नमुना-प्रश्न समजावून सोडवून दाखवणे, हा मोजणीचाच भाग मानला पाहिजे.

असो. त्या पत्रिकेत ‘शिंगरू’ घालावे, असे आधी ठरले. पण शहरातील चाळीत वाढलेल्या मुलाने ते कोठे पाहिलेले असणार? अखेर तो प्रश्नच आम्ही वगळला आणि त्या जागी कुंभार आणि माती, सुतार आणि लाकूड ही जोडी घेतली. करवत, रंधा आणि खुर्ची हे शब्दही पर्यायांत ठेवले. चारही शब्द मुलांच्या ओळखीचे. निवड करायची ती केवळ संबंध पाहून.