ठपका नावानिशी ठेवा



सकाळच्या परिसंवादात तीन वक्ते आयर्लंडवर बोलले. तिघांनी मिळून समस्त इंग्रज जात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. अशा वेळी अध्यक्षाने चार गोड शब्द बोलून समारोप करावा, असा प्रघात आहे. मी तो मोडणार आहे.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. १८४१ च्या शिरगणतीत ८२ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या दहा वर्षांनी ६५ लाखांवर आली. दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने आणि साथीने मेली, तितकीच किंवा जास्तच जहाजे पकडून देशोधडीला लागली. हे नाकारणाऱ्याशी मी वादही घालणार नाही. पण ‘इंग्रजांनी मारले’ एवढे म्हणून वक्ते खाली बसले, तिथे माझे भांडण सुरू होते. लंडनच्या ट्रेझरीत चार्ल्स ट्रेव्हेल्यन बसला होता आणि मदतीच्या पैशाच्या किल्ल्या त्याच्या हातात होत्या. दुष्काळात त्याला ईश्वराची योजना दिसत होती आणि हे त्याने छापूनही ठेवले. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी सूपकेंद्रांवर रोज सुमारे तीस लाख माणसे जेवत होती. म्हणजे यंत्रणा उभी करता येत होती, केलीही होती! पंतप्रधान जॉन रसेल यांच्या सरकारने हिवाळ्याच्या तोंडावर ती गुंडाळली आणि सारा भार आयर्लंडातल्याच करदात्यांवर ढकलला. पुढच्याच वर्षी ट्रेव्हेल्यन ‘सर’ झाला.

आता एक अडचणीचे नाव घेतो. विल्यम ग्रेगरी, डब्लिनचा खासदार, गॉलवेतल्या जमीनदार घराण्यातला, जन्माने आयरिश. पाव एकराहून, म्हणजे दहा गुंठ्यांहून, जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही, हे कलम त्याने सुचवले. मदत हवी असेल तर जमीन सोड! लोकांनी सोडली. रिकाम्या झालेल्या त्या जमिनींवर पुढे शेजारचे सधन आयरिश शेतकरीही हातपाय पसरून बसले. आणि त्याच १८४७ साली यॉर्कचा जेम्स ट्यूक नावाचा क्वेकर इंग्रज कॉनॅटमध्ये फिरत होता. तिथली पाडलेली घरे आणि उघड्यावर पडलेली कुटुंबे त्याने पाहिली आणि जमीनदारांवर लिहिले. सकाळच्या हिशेबाने ट्यूक गुन्हेगार आणि ग्रेगरी बळी. ट्रेव्हेल्यनसारख्यांना तर हा हिशेब फारच मानवेल, कारण कोट्यवधींच्या गर्दीत त्यांना शोधणार कोण?

इंग्रजांनीही हीच चूक केली आणि ती निरपराध माणसांना भोवली. २१ नोव्हेंबर १९७४ ला बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बाँब फुटले, २१ जण मेले. आठवडाभरात संसदेने दहशतवादविरोधी कायदा घाईघाईने मंजूर केला आणि इंग्लंडात राहणारा प्रत्येक आयरिश माणूस संशयित ठरला. आयरिश म्हणजे बाँबवाला, हे एकदा ठरल्यावर पुराव्याची गरज कोणाला? सहा निरपराधांनी सोळा वर्षे तुरुंगात काढली. ते १९९१ साली सुटले. त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्यांत ख्रिस मलिन हा इंग्रज पत्रकार होता. खऱ्या गुन्हेगारांना त्या खुनांसाठी आजवर शिक्षा झालेली नाही.

एक वक्ते म्हणाले, टिळकांनी होमरूलची मागणी आयर्लंडकडे पाहूनच उचलली, तेव्हा आयरिश आपले भाऊबंद. टिळकांपुरते खरे आहे. पण जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला आणि डायरची पाठराखण करणारा मायकेल ओड्वायर टिपररीचा होता, कॅथलिक होता. स्वतः डायरचे शिक्षण कॉर्क परगण्यात झाले. आणि त्याच पंजाबात, पुढच्याच वर्षी, ब्रिटिश लष्करातल्या कॉनॉट रेंजर्सच्या आयरिश शिपायांनी आपल्या देशातल्या अत्याचारांच्या निषेधार्थ जालंधरला बंदूक उचलायला नकार दिला. त्या बंडाबद्दल जेम्स डेली याला २ नोव्हेंबर १९२० ला डगशाईत गोळ्या घातल्या. यातला नेमका कोणता आयरिश आपला भाऊ?

‘जाऊ द्या, जुने झाले’ म्हणणाऱ्यांनी आता खूश होऊ नये. त्यांच्यावर माझा राग जास्तच आहे. १९९७ साली ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या नावाने दुष्काळाबद्दलचा एक खेदसंदेश कॉर्कमधल्या कार्यक्रमात वाचला गेला आणि जगभर गाजला. २०२१ साली कागद खुले झाले तेव्हा कळले, तो मदतनिसांनीच लिहिला होता, ब्लेअर यांची संमती घ्यायलाही सवड झाली नव्हती. साऱ्या राष्ट्राच्या वतीने मागितलेली माफी एवढी स्वस्त असते! याउलट, ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडातल्या डेरीत निःशस्त्र मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या, त्याची सॅव्हिल चौकशी बारा वर्षे चालली. कोणत्या सैनिकाने कुठून गोळी झाडली आणि कोण पडले, हे तिने तपासले. २०१० साली पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली, तेव्हा मृतांचे नातेवाईक डेरीच्या चौकात ती ऐकत होते. तिच्यामागे पुरावा होता.

म्हणून दुपारच्या ठरावाविषयी आत्ताच सांगतो. ‘ब्रिटिश जनतेने आयरिश जनतेची माफी मागावी’ या शब्दांत तो मी मांडू देणार नाही. २०२३ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून उत्तर आयर्लंडातल्या संघर्षकाळातल्या मृत्यूंच्या रखडलेल्या न्यायालयीन चौकश्यांचे दार लावले, आणि त्याविरुद्ध डब्लिनचे सरकार स्ट्रासबर्गच्या न्यायालयात गेले. ठरावात त्या कायद्याचे नाव घाला, कोणत्या चौकश्या पुन्हा सुरू व्हाव्यात ते लिहा. सूचक आणि अनुमोदक यांनी दुरुस्त मसुदा जेवणाच्या सुट्टीआधी माझ्याकडे आणून द्यावा.